एकेचाळीस म्हशींची कच्ची वही

हुस्ना शिकलगारची पहिली वही म्हशीनं खाल्ली.

पीएचडीचं पहिलं वर्ष होतं. विषय नुकताच मंजूर झाला होता : ‘कोल्हापूर शहरातील म्हैसपालन – एक समाजशास्त्रीय अभ्यास’. हुस्ना कृष्णात गवळ्यांच्या गोठ्यात गेली, वही गव्हाणीच्या कडेवर ठेवली आणि पेनासाठी पर्समध्ये हात घातला. पेन हाताला लागेपर्यंत चार महिन्यांच्या नोंदी चंपाच्या तोंडात गेल्या होत्या. चंपा म्हणजे कृष्णात आण्णांची सगळ्यात लाडकी म्हैस.

“आण्णा, वही! माझी वही!”

“वडू नगंस! दात लागंल तुला.” आण्णांनी चंपाच्या जबड्यात कोपरापर्यंत हात घातला आणि हिरवट लगद्याचा एक गोळा काढून हुस्नाच्या तळहातावर ठेवला. “घे. वाचाय येतंय का बघ.”

“आण्णा, चार महिने होते हो माझे यात!”

“मग काय झालं? चार पोटं असत्यात तिला. कुठल्यातरी एकात ऱ्हाईल की.”

दुसरी कुणी असती तर रडली असती. हुस्ना गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून इतकी हसली, की आण्णांची लेक स्वप्नाली आतून पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. चौतिशीची ही बाई अंगानं काडी, पण हसली की गल्लीतली कुत्री उठून उभी राहतात. वडील लालासाब चाकू-कात्र्यांना धार लावतात. हुस्ना एका कॉलेजात तासावर समाजशास्त्र शिकवते, आणि उरलेल्या वेळात स्कूटरवरून म्हशींच्या मागं फिरते. आई सुलतानबी म्हणते, “शिकलगाराची पोरगी धारंकडनं धारंकडंच गेली. तिकडं चाकूची, इकडं दुधाची.”

म्हशीला खाता येणार नाही अशी वही पाहिजे, हे हुस्नानं त्या दिवशी ठरवलं आणि स्टाफरूममध्ये बसून एक ब्लॉग उघडला. नाव ठेवलं ‘कच्ची वही’. नियम तीनच. रोज काय कळलं ते तारखेसकट लिहायचं. कुणी सांगितलं आणि स्वतः काय पाहिलं, हे वेगवेगळं लिहायचं. आणि तिसरा नियम तिचा लाडका होता : चुकलेलं पुसायचं नाही, त्यावर रेघ मारायची, खाली दुरुस्ती करायची. चूक दिसली पाहिजे.

तिच्या मार्गदर्शक डॉ. निशिगंधा सरनोबत यांना हे मुळीच पटलं नाही.

“अगं, संशोधन म्हणजे पोळी आहे का, अर्धी कच्ची पानात वाढायला?”

“मॅडम, कच्ची आहे म्हणूनच वाढते. कुठं कच्ची राहिली ते कुणीतरी सांगेल.”

“आणि तुझ्या नोंदी उचलून कुणी स्वतःच्या नावावर लेख छापला तर?”

“आधी चंपानं छापायला पाहिजे, मॅडम. चार महिने लीड आहे तिला.”

सुरुवातीला ब्लॉगला अकरा वाचक होते. त्यातले चार म्हणजे हुस्ना स्वतःच, वेगवेगळ्या मोबाईलवरून. मग एका संध्याकाळी स्वप्नालीनं गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर एक नोंद मोठ्यानं वाचून दाखवली. कट्ट्यावर म्हशी रांगेनं उभ्या असतात, गिऱ्हाईक ग्लास घेऊन उभं असतं आणि समोर धार काढून फेसासकट दूध दिलं जातं. तिथं स्वप्नाली एका उलट्या घमेल्यावर चढली आणि वाचायला लागली. वाचायला म्हणजे काय, करायलाच. आण्णांचं बोलणं आलं की आवाज जाड, कट्ट्यावरच्या म्हाताऱ्या धोंडुबाईंचं आलं की कमरेवर हात. गवळी धार काढता काढता ऐकायचे, आणि आपलं नाव आलं की म्हशीच्या पोटाआडून मुंडकं बाहेर काढायचे.

“माझ्या म्हशीचं नाव मैना न्हाय, मोरनी हाय! दुरुस्त कर म्हणावं!”

“मी आसं बोललोच न्हवतो. ह्येच्या म्होरं एक शिवी हुती, ती कुठं गेली?”

दुसऱ्या दिवशी मैनावर रेघ पडलेली असायची आणि खाली लिहिलेलं असायचं : ‘मोरनी. दुरुस्ती धोंडुबाईंकडून, रागानं.’ गवळ्यांना याची चटकच लागली. आपण सांगितलं की शिकलेली बाई स्वतःचं खोडते, हे त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

पीएचडीच्या पाचव्या वर्षी, एप्रिलमध्ये हुस्नानं ब्लॉगवर मोठं कोष्टक टाकलं. कोष्टक एकेचाळीस म्हशींचं होतं. प्रत्येकीचं नाव, वय, मालक, आणि ती दिवसाला किती दूध देते. मालकांना विचारून विचारून अकरा महिन्यांत गोळा केलेलं. मोजून बघायची सोय नव्हतीच. कट्ट्यावर येणारी म्हैस घरी अर्धी पिळून आणलेली असते, आणि घरच्या किटल्यांवर फडकं टाकलेलं असतं. सरासरी निघाली साडेचार लिटर. त्याच्याखाली निष्कर्ष होता, आणि तोच प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणाचा कणा होता : एवढ्या दुधात वैरणही भागत नाही, तरी गवळी म्हैस विकत नाही, म्हणजे शहरात हा आता धंदा उरलेला नाही, ही नुसती माया आहे.

स्वप्नालीनं हे वाचलं तेव्हा कट्टा हळवा झाला. धोंडुबाई सत्तरीच्या, सहा म्हशींच्या मालकीण. त्यांनी पदर डोळ्याला लावला.

“खरं लिवलंय गं पोरीनं. मायाच हाय. दुसरं काय हाय आमच्यापाशी?”

त्यांच्या पाठीमागं त्यांचा मुलगा दोन्ही हातांनी भरलेल्या किटल्या उचलून मोटरसायकलला अडकवत होता. एक झाली, दुसरी झाली, तिसरीला जागा मिळेना म्हणून वाकडातिकडा होत होता. हुस्नाचं लक्ष धोंडुबाईंच्या डोळ्यांकडं होतं.

प्रबंध पुरा होत आला. विद्यापीठानं सादरीकरणाची तारीख दिली. आधी एकदा मुदत वाढवून घेतलेली, त्यामुळं समितीसमोर हे सादरीकरण नीट पार पडणं भाग होतं. बारा दिवस उरलेले असताना एका दुपारी ब्लॉगवर प्रतिक्रिया आली. कुठलीही प्रतिक्रिया आधी हुस्नाकडं यायची, तिनं ‘मंजूर’ दाबलं की मगच सगळ्यांना दिसायची. ही अशी होती :

‘ताई नमस्कार. मी ज्ञानू, गगनबावड्याचा, म्हशी तीन. तुमच्या एकेचाळीस म्हशी येवढंच दूध देत असत्या तर समदे गवळी कवाच घाट उतरून कोकणात काजू फोडाय गेले असते. तुमच्याच वहीत मार्च म्हयन्यात गोठ्याच्या दारावरच्या पायताणाचा फोटो हाय. एप्रिलात हे कोष्टक हाय. दोन्ही पानं शेजारी शेजारी उघडून बघा. राग नसावा.’

हुस्नानं दोन्ही पानं उघडली. मार्चच्या फोटोखाली तिनंच लिहिलं होतं : ‘नजर लागू नये म्हणून गोठ्याच्या दारावर जुनं पायताण. म्हशीच्या पायात काळा दोरा. भरल्या किटलीवर फडकं. नेमकी कशाची नजर, ते विचारायचं राहिलं.’

विचारायचं राहिलं ते राहिलंच होतं. ती तशीच स्कूटर काढून कट्ट्यावर गेली. आण्णा चंपाच्या पाठीवरून हात फिरवत उभे होते. शेजारी धोंडुबाई धार काढत होत्या.

“आण्णा, चंपा दूध किती देते?”

“साडेचार.”

“आण्णा.”

“सांगिटलं की. साडेचार.”

“माझ्याकडं बघून सांगा.”

आण्णांनी चंपाकडं बघितलं. “आस्तं बोल. ऐकती ती.”

“म्हणजे जास्त देते?”

“हुस्ना, भर रस्त्यात बाईचं वय इचारावं व्हय?”

“वर्षभर मला खोटं सांगितलंत, आण्णा?”

“खोटं न्हवं गं.” आण्णा दुखावले. “जपून सांगिटलं.”

“एकेचाळीसच्या एकेचाळीस म्हशींचं?”

“मग? माझं एकट्याचं खरं आनि बाकीच्यांचं जपून, आसं कसं चालंल? समद्या गावाची दिष्ट माझ्याच गोठ्याव की!”

धोंडुबाई म्हशीच्या पोटाखालूनच बोलल्या, “आनि तू लिवतीस कुठं? मोबाईलवर. गल्लीतली नजर परवडली, एक पायताण अडकवलं की भागतंय. मोबाईलमदनं आख्ख्या जगाची नजर ईल. तिला केवढं पायताण बांधायचं?”

“अहो मग सांगायचं की मला, सांगता येत नाही म्हणून!”

आण्णांनी चंपाच्या पाठीवरची काडी झटकली. मग म्हणाले, “तू येवढ्या मायेनं इचारत हुतीस. न्हाय म्हणायला वाईट वाटलं.”

हुस्नानं तिथंच एक ग्लास दूध घेतलं आणि फेसाची मिशी पुसत सरनोबत मॅडमच्या घरी गेली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. कपाळाला हात लावला. मग पहिला प्रश्न विचारला.

“ती प्रतिक्रिया लोकांना दिसते?”

“नाही. माझ्याकडं थांबलीय. मी मंजूर केली की दिसेल.”

“मग थांबू दे तिला.”

“मॅडम...”

“बारा दिवस, हुस्ना. कोष्टकाखाली तळटीप टाक, ‘आकडे मालकांनी सांगितल्याप्रमाणे’. यात खोटं काय आहे?”

“तळटिपेत काहीच नाही. पण वरचा निष्कर्ष त्या आकड्यांवर उभा आहे. माया वगैरे.”

“माया नाहीये का त्यांची?”

“आहे. पण समजा, दूध चौदा लिटर निघालं, तर ती वेगळी माया झाली, मॅडम.”

मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. “हे बघ. समितीवर बाहेरून धनवडे सर येतायत. ते तुझा ब्लॉग वाचतात, त्यांनीच सांगितलं मला. तू स्वतःच्या हातानं स्वतःची चूक त्यांच्या हातात देणार? फेटाळलं तर वर्ष गेलं. आणि यंदा मुलाखती आहेत, पदवी नसेल तर पुन्हा तासावर. आधी पदवी घे, मग पुस्तकात काय ती सत्यं लिही.”

मॅडम वाईट सल्ला देत नव्हत्या. वीस वर्षांत त्यांनी अशी किती मुलं काठावरून ओढून काढली होती. हुस्नालाही मनातून तेच हवं होतं. ती ‘बरं’ म्हणून उठली. घरी आली, लॅपटॉप उघडला, ज्ञानूची प्रतिक्रिया समोर होती. ‘मंजूर’ आणि ‘काढून टाका’ अशी दोन बटणं. तिनं लॅपटॉप मिटला. तीन दिवस तो तसाच मिटलेला राहिला. कच्ची वही सुरू झाल्यापासून तीन दिवस नोंद नाही, असं कधी झालं नव्हतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ती आतल्या खोलीत पडली होती. सुलतानबी दारात मेथी निवडत बसलेली. शेजारच्या शालूबाई दळण घेऊन जाताना थांबल्या.

“काय सुलतानबी, पोरीचं झालं का न्हाय त्ये डॉक्टरचं?”

“कुठलं गं शालूबाई! चाललंय रडतखडत. हुतंय का न्हाय, अल्लालाच ठावं.”

“आगं बाई! येवढी वर्सं झाली की.”

“मग काय तर. डोकंच चालंना झालंय तिचं.”

शालूबाई हळहळून गेल्या. हुस्ना उठून दारात आली.

“अम्मी, माझं डोकं चालेना झालंय?”

“गप.”

“सेट पास झाले, तेव्हा काय सांगितलं होतंस शालूबाईंना?”

“काठावं निघाली म्हटलं.”

“आणि एमएला पहिली आले तेव्हा?”

“पास झाली म्हटलं.” सुलतानबीनं मेथीची जुडी झटकली. “झालीसच की पास. त्यात खोटं काय हाय?”

“पण का?”

“का म्हंजी? दिष्ट लागती. तू शिकाय बसलीस की मी खिडकीचा पडदा वडत हुते, त्ये काय ऊन लागतंय म्हनून?”

हुस्ना उंबऱ्यावर बसली. “आणि मामूला? मामूलाही हेच सांगतेस?”

“छ्या! तुझ्या मामूला सांगिटलंय, पोरगी मोठी प्रोफेसर झाली, गाडी धाडत्यात कॉलेजातनं.”

“गाडी?”

“त्याची पोरगी बँकेत हाय न्हवं? लई मिरवतोय.”

“आणि डॉक्टरीणबाईंना? त्यांनी विचारलं होतं मागं, झोप लागते का हिला म्हणून.”

“त्यास्नी खरं सांगिटलं. औषीद चुकलं असतं की.”

हुस्ना आईकडं बघतच राहिली. शेजारणीला कमी, भावाला जास्त, डॉक्टरणीला खरं. आईनं हे कधी कुठं लिहून ठेवलं नव्हतं, पण चुकलीही नव्हती. हुस्नानं मेथीतली दोन पानं उचलली, तोंडात टाकली, आईच्या डोक्याचा मुका घेतला आणि आत पळाली.

“आगं, न निवडलेली हाय ती! माती आसंल!”

लॅपटॉप उघडला. आधी ‘मंजूर’ दाबलं, कारण ते नंतर दाबवलं नसतं. मग कोष्टकातल्या एकेचाळीस ओळींवर एकेक करून रेघ मारली. चंपावर, मोरनीवर, धोंडुबाईंच्या सहाही म्हशींवर. निष्कर्षावर सगळ्यात शेवटी. आणि खाली लिहिलं :

‘हे सगळं चुकलं. गवळ्यांनी मला जपून सांगितलं आणि मी ते मोजलेलं समजले. पायताणाचा फोटो माझ्याच वहीत होता, तो मला दिसला नाही. गगनबावड्याच्या ज्ञानूदादांना दिसला. खरे आकडे मला माहीत नाहीत. पुढं कळले तरी इथं लिहिणार नाही. वही मी उघडी ठेवलीय, त्यांच्या किटल्यांवरची फडकी काढायचा हक्क मला त्यानं मिळत नाही. आता मला वेगळंच विचारायचंय : तुम्ही कुणाला किती सांगता?’

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती कट्ट्यावर गेली तेव्हा स्वप्नाली वाचून घमेल्यावरून उतरलीही होती. धारांचा तेवढा आवाज.

“म्हंजी आमी लबाड आसं जगाला सांगिटलंस,” धोंडुबाई म्हणाल्या.

“नाही मावशी. मी खुळी असं सांगितलं.”

“त्ये बी खरंच हाय.”

आण्णा पुढं आले. “हुस्ना, खरा आकडा लिवणार न्हाईस?”

“नाही.”

“त्या पीएचडीवाल्यांनी दम दिला तर?”

“तरी नाही.”

“शप्पत?”

“शप्पत.”

आण्णांनी हात धुतले, लेंग्याला पुसले आणि दुधाच्या रिकाम्या कॅनवर बसले. “मग इचार.”

आणि काय विचारता! अकरा महिन्यांत जे निघालं नव्हतं ते अर्ध्या तासात निघायला लागलं. हुस्ना मोबाईलवर टिपून घेताना घामाघूम झाली.

“जनावरांच्या डॉक्टरला किती सांगता?”

“त्येला खरं सांगाय लागतंय. पन कानात.”

“म्हैस विकत घ्यायला गिऱ्हाईक आलं तर?”

“दीडपट. आनि तितनंच पुढं बोलायचं.”

“जावयाला?”

हे धोंडुबाईंच्या अखत्यारीतलं होतं. “सोयरीक जमस्तवर जास्त. जमली की निम्मं. न्हायतर दर आठवड्याला किटली घिऊन दारात हुबा.”

“सुनेला?”

“तिला मी काय सांगू? धार तीच काढती. तीच मला कमी सांगती.”

कट्ट्यावर हशा फुटला. धोंडुबाईंची सून म्हशीपलीकडं उभी होती. तिनं पदर तोंडात कोंबला, पण ‘न्हाय’ काही म्हणाली नाही.

नोंद ब्लॉगवर चढली आणि त्याच रात्री जेवणाच्या वेळी मॅडमचा फोन आला. आवाज बर्फासारखा.

“केलंसच शेवटी.”

“हो मॅडम.”

“चौथं प्रकरण गेलं.”

“हो मॅडम.”

मग मॅडम हळूच म्हणाल्या, “ते जावयाचं खरं आहे का गं? नाही, आमच्या सासूबाई अगदी अश्शाच...”

सादरीकरण शनिवारी सकाळी होतं. नियमानं ते सगळ्यांना खुलं असतं, म्हणजे कुणीच येत नाही. पण हुस्नानं तारीख ब्लॉगवर टाकली होती. ती बोलायला उभी राहिली तेव्हा शेवटच्या रांगेत कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात कृष्णात आण्णा, नव्या ड्रेसमध्ये स्वप्नाली आणि मधल्या खुर्चीवर मांडी घालून धोंडुबाई. शेणाचा आणि अत्तराचा मिळून एक वेगळाच वास सभागृहात पसरला होता.

हुस्ना वीस मिनिटं बोलली. कोष्टक कसं चुकलं, कशावरून कळलं, आता काय शोधायचंय. समितीच्या मधल्या खुर्चीवर धनवडे सर होते. जाड चष्मा, पांढऱ्या मिशा, हातात मोबाईल आणि त्यावर कच्ची वही उघडलेली.

“शिकलगार, तुमचं चौथं प्रकरण तुम्हीच रेघा मारून खोडलंय. मग आम्ही तपासायचं काय?”

“त्या रेघाच, सर.”

“बोलायला छान आहे.” सर हसले नाहीत. “पण गवळी कमी सांगतात, याला तुमच्याकडं पुरावा काय? गगनबावड्याची एक प्रतिक्रिया आणि एक चप्पल. उद्या दुसऱ्या कुणी लिहिलं की गवळी जास्त सांगतात, तर तुम्ही पुन्हा रेघा मारणार?”

प्रश्न बरोबर होता. हुस्नानं पाण्याचा घोट घेतला. मॅडमनी डोळे मिटले. तेवढ्यात मागून आवाज आला, म्हशीला रस्त्यापलीकडून हाक मारतात तेवढ्या पट्टीत.

“पुरावा मी हाय की!”

सगळ्या माना वळल्या. “आपण कोण?” सरांनी विचारलं.

“कृष्णात गवळी. हिला वरीसभर खोटं... न्हवं, जपून सांगणारा.”

“बरं झालं आलात. मग आता सांगा, इथं कट्टा नाही, गिऱ्हाईक नाही. तुमची म्हैस खरं दूध देते किती? तुम्ही सांगितलंत, की यांचा मुद्दा आत्ता सिद्ध होतो.”

आण्णांनी तिच्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, की ते सांगणार आहेत. तिच्यासाठी, भर सभेत, चंपाचा आकडा.

“सर, नको,” हुस्ना म्हणाली. “माझा मुद्दा सिद्ध नाही झाला तरी चालेल. खरा आकडा कुठं मांडणार नाही असं त्यांना कबूल केलंय.”

“कबूल तुम्ही केलंय, मी नाही,” सर म्हणाले. पण जरा सौम्यपणे.

आण्णा उठले. दोन रांगांमधल्या वाटेनं सरळ समितीच्या टेबलापर्यंत आले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

“साहेब, नातवंडं हायत?”

“आं? आहे. एक नातू.”

“केवढा?”

“अकरा महिन्यांचा.”

“तब्बेतीनं कसा हाय?”

“बरा आहे,” सर म्हणाले. “किरकिऱ्या आहे जरा. खातच नाही काही.”

बोलता बोलता सरांनी मोबाईल टेबलावर ठेवला होता. वहीचं पान मिटलं होतं आणि पडद्यावर कायम लावलेला फोटो आला होता. आण्णांनी वाकून बघितलं. समितीतल्या बाकीच्या दोघांनी बघितलं. पहिल्या रांगेतून सरनोबत मॅडमनी मान लांब करून बघितलं. फोटोत एक बाळ होतं. मनगटाला दोरा बांधल्यासारख्या वळ्या, गालांच्या मागं डोळे शोधावे लागत होते, हनुवटी तर एकावर एक दोन. आणि एका गालावर चांगला रुपयाएवढा काळा टिक्का.

“ह्योच का, न खाणारा?” आण्णांनी विचारलं.

धनवडे सरांनी फोटोकडं बघितलं. आण्णांकडं बघितलं. मग मोबाईल हळूच पालथा घातला.

पहिल्या हसल्या त्या सरनोबत मॅडम. त्यांनी रुमाल तोंडाला लावला, पण उशीर झाला होता. मग समिती, मग शेवटची रांग. धोंडुबाई काहीच दिसलं नसताना सगळ्यात जास्त हसत होत्या. शेवटी सरांच्या मिशाही हलल्या.

“तुमी टिक्का लावता, आमी पायताण लावतो,” आण्णा म्हणाले. “आता सांगू का आकडा?”

“राहू दे,” सर म्हणाले. “बसा तुम्ही.”

समितीनं अर्ध्या तासानं निर्णय दिला. चौथं प्रकरण संपूर्ण नव्यानं लिहायचं. गवळी कुणाला किती आणि का सांगतात, हाच त्याचा विषय. कट्ट्यावरच्या निदान तीस घरांशी पुन्हा बोलायचं. त्यासाठी सहा महिन्यांची मुदतवाढ. यंदाच्या मुलाखती हुकल्या. हुस्नाला हे ऐकताना क्षणभर वाईट वाटलं, आणि पुढच्याच क्षणी ती मनात घरं मोजायला लागली : धोंडुबाईंची सून, तिचं माहेर, वारणानगरचा आण्णांचा मेहुणा. तिकडं डेअरीत दूध काट्यावर मोजून घेतात, मग तिथले लोक सांगतात तरी काय?

बाहेर चहा होता. आण्णा बशीत ओतून पीत होते आणि “पानी घातलंय” म्हणून शिपायाला सुनावत होते. धनवडे सर कप घेऊन हुस्नाजवळ आले. इकडंतिकडं बघितलं.

“शिकलगार, ते नातवाचं प्रबंधात घेऊ नका हं.”

“नाही सर.”

“आणि त्या ब्लॉगवर?”

“तुम्ही म्हणाल तसं, सर.”

सरांनी चहाचा एक घोट घेतला, दुसरा घेतला. मग मिशीवरून बोट फिरवत म्हणाले, “तिथं घ्या. नोंद चांगली आहे. माझं नाव मात्र घालू नका.”

“नाही घालणार.”

दोन पावलं जाऊन ते परत आले.

“आणि फोटो बघून वजनाचा अंदाज बिंदाज तर अजिबात लिहायचा नाही.”